चार तारांची मोटार

चौसाळ्याच्या पंचक्रोशीत कोणाच्या विहिरीवरच्या मोटारीला काय दुखतंय, हे मालकाच्या आधी आमच्या मामांना कळतं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे त्यांनाही मामाच म्हणतात. हायवेला लागून त्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे आणि खिशात कायम वीतभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर असतो. त्याचं टोक चालत्या मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं, "मागली बेरिंग गेली." बरं, हे मोटारीपुरतं असतं तर ठीक होतं. आत्याचा मिक्सर, शेजाऱ्याचा फ्रिज, कोणीही यातून सुटलेलं नाही. एकदा नवे जावई पहिल्यांदा घरी आले, तर यांनी भर स्वागतात त्यांच्या मोटारसायकलला पेचकस लावला. जावई गळ्यात हार घालून ताटकळत उभे आणि हे डोळे मिटून इंजिन ऐकताहेत! पाहुण्याच्या आधी त्याच्या गाडीची विचारपूस करण्याची ही तऱ्हा मला पूर्वी फार खटकायची. हल्ली मी गाडी लांब लावतो आणि चालत जातो.

त्या वर्षीच्या दुष्काळात विहिरींनी तळ दाखवला. जी मोटार चालत नाही ती जळतही नाही, त्यामुळे मामांच्या दुकानात काम उरलं नाही. ऊस नव्हता म्हणून आमच्या भागातला सहकारी कारखानाही बंद पडला. या कारखान्यात एके काळी कामगारांचा ऑर्केस्ट्रा होता. तेव्हाचे चेअरमन हौशी. गव्हाणीत पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाला आपलीच माणसं वाजवणार, म्हणून त्यांनी मुंबईहून वाद्यं आणवली होती. त्यातली बेस गिटार आता मोडीच्या सामानात निघाली. दांडा वाकलेला, तारा गंजलेल्या, तारांचा आवाज उचलणारी आतली कॉइल तुटलेली. मामांनी ती रीतसर मागून आणली आणि टेबलावर आडवी ठेवली. "चुंबक हाय, तांब्याची तार हाय," ते मला म्हणाले. "मंग ही मोटारच की. चार तारांची."

ही गिटार वाजवायचा कारखान्यातला एक फिटर, मामांचा जिवलग दोस्त. पाडवा झाला की तो पुण्याला मुलाकडे कायमचा जाणार होता आणि त्याच्या आत ती वाजली पाहिजे, असं मामांनी मनावर घेतलं होतं. एवढी घाई कशाला, म्हणून मी विचारलं.

"बारा साल एका टेम्पोत हिंडलो आमी. धारूर काय, बीड काय. लोक म्हणायचे, फिटर लई भारी वाजवतो. म्या कधी ऐकलंच न्हाई."

ऑर्केस्ट्राचा जनरेटर मामांकडे असायचा. मंडपाच्या मागे, लांब, त्या धडधडाटाशेजारी बसायचं आणि तो बंद पडू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. गाणाऱ्यांचा आवाज वाऱ्यावर थोडाफार यायचा. बेसचा खालचा घुमारा मात्र जनरेटरच्या आवाजात पार बुडून जायचा. "एका गाण्यापुरतं तरी पुढं यायचं होतं," मी म्हणालो. "आन् तेवढ्यात तो बंद पडला म्हंजी? समदाच अंधार," ते म्हणाले. माझ्या जिभेवर आलेली थट्टा तिथेच राहिली.

दुरुस्तीत मात्र थट्टेला भरपूर वाव होता. रिवायंडिंगवाल्यांची रीत अशी की, जळालेली कॉइल उकलताना वेढे मोजायचे आणि तेवढेच परत भरायचे. मामांनी जुने वेढे इमानदारीने मोजले. पण हात सवयीने मोटारीच्या तारेकडे गेला. चार दिवसांनी तयार झालेली कॉइल कवठाएवढी होती आणि गिटारीतली जागा काड्यापेटीएवढी. मग एका बाद झालेल्या वीजमीटरमधून केसासारखी तार काढली आणि मोजणी पुन्हा सुरू झाली. मोजताना त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. बोललंच तर उत्तर आकड्यातच मिळे. "चहा टाकू का?" असं आत्याने विचारलं की ते "दोन हजार एकशे बारा" म्हणत आणि त्या स्वरावरून चहा टाकायचा की नाही हे आत्याला बरोबर कळे. एकदा मी बेसावधपणे "किती झाले?" विचारलं, आकडा चुकला आणि त्यांनी अख्खी कॉइल उकलली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. वाकलेला दांडा सरळ व्हावा म्हणून त्याच्या पोटातली सळई ते रोज फक्त पाव आटा आवळत. "लाकडाला बी दुष्काळ लागलाय. घाई केली तर तडकंल."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फिटर निरोप घ्यायला दुकानात आला. दुपारची एसटी होती. कॉइल सकाळीच बसली होती, मंगल कार्यालयातून ॲम्प्लिफायर मागून आणला होता. मामांनी पिन खोचली, बटण दाबलं आणि लाइट गेली.

ऑर्केस्ट्राचा तो जुना जनरेटर अजून कोपऱ्यात होता, पुसूनपासून ठेवलेला. मी दोरी ओढायला धावलो.

"हात लावू नको त्याला," मामा एवढ्या जोरात ओरडले की मी दचकलो. "आज न्हाई."

फिटरने गिटार मांडीवर घेतली. विजेवाचून ती नुसती पुटपुटत होती, मला तर दोन हातांवरूनही धड ऐकू येईना. तेव्हा मामांनी खिशातून पेचकस काढला, टोक गिटारीच्या लाकडावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"अबे, मी काय मोटार हाय का?" फिटर हसला.

"तू वाजव बे."

तो वाजवत राहिला. बोटं जड झाली होती, मधेच अडखळायची, पुन्हा चालायची. मला काही ऐकू येत नव्हतं. मी मामांचा चेहरा बघत होतो. त्यांची मान हळूहळू डोलायला लागली. बऱ्याच वेळाने बोटं थांबली, मामांनी पेचकस खाली घेतला आणि आता नेहमीप्रमाणे बिघाड सांगतील म्हणून मी वाट पाहू लागलो.

"काईच खराबी न्हाई," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून हत्यारं आवरायला लागले.

एसटी गेल्यावर तासाभराने लाइट आली. त्यानंतर पाऊस झाला, विहिरी भरल्या, मोटारी पुन्हा जळायला लागल्या. गिटार दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. हजारो वेढ्यांची ती कॉइल चालते की नाही, हे आजवर कोणालाच माहीत नाही. एकदा ॲम्प्लिफायरला लावून बघा की, असं मी अधूनमधून म्हणतो. मामा रोज तिच्यावरची धूळ पुसतात आणि म्हणतात, "वाजवणारा तर येऊ दे."