शैलजाचा नवरा

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर रघुनाथ तळाशिलकर राहतात. मूळचे मालवणकडचे, सिल्वासात सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. त्यांच्या डोक्यावर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, मी. नवनाथ, साक्री तालुक्यातला, गलोंड्याच्या एका सूत कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. आमची ओळख झाली तीच वादावादीतून. बावीस वर्षांपूर्वी जिन्यात भेटले तेव्हा मी म्हणालो, "रघुनाथभाई, मी वापीहून येऊन राहिलो." तर हा माणूस म्हणतो, "येऊन कुठे राहिलास? लॉजवर? आणि भाई नाही, भाऊ म्हण."

असा राग आला होता! आठ तास मशीनच्या आवाजात उभं राहून यावं आणि जिन्यात व्याकरण शिकावं? पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना भाऊ म्हणालो. आजपर्यंत म्हणतो.

सिल्वासात कुणाची भाषा धड नाही. गुजराती, हिंदी, आमची अहिराणी, सगळ्याची मिसळ. कंपनीत माझंच वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि तिसरीत संपतं. या गावात रघुनाथभाऊ एकटे शुद्ध मराठीचा किल्ला लढवत होते. दूधवाल्याने "कालथी मोडुं थशे" म्हटलं की हे म्हणायचे, "उद्यापासून उशीर होईल, असं म्हण." दूधवाला बनासकांठ्याचा. त्याने का म्हणावं? पण म्हणायचा बिचारा. मंडळाच्या गणपतीत माईक यांच्याच हातात. आवाज असा खणखणीत की मागे भजी तळणारा झारा वर धरून उभा राहायचा. हे लिहिलेलं त्यांना दाखवलं तर लाल पेन घेऊन बसतील, ते वेगळं.

या शुद्धतेला एकदाच सुरुंग लागला, तोही अगदी सुरुवातीला. ते नवीन बदलून आले होते, गुजरातीचा गंध नव्हता. तळमजल्यावरच्या ममताबेनना सिलिंडर उचलायला माणूस हवा होता. त्यांनी दारात येऊन विचारलं, "रघुनाथभाई, नवरा छो?" म्हणजे, रिकामे आहात का? गुजरातीत नवरा म्हणजे काही काम नसलेला. रघुनाथभाऊंनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे उत्तर दिलं, "हो. शैलजाचा."

शैलजावहिनी आतून ऐकत होत्या. त्या हसून हसून खाली बसल्या, आणि ममताबेनना अर्थ कळल्यावर त्याही. तेव्हापासून ममताबेन रोज विचारायच्या, "नवरा छो?" आणि हे रोज जिना उतरता उतरता उत्तर द्यायचे, "हो, शैलजाचा!" वीस-बावीस वर्षं. आमच्या बिल्डिंगची ती सकाळची घंटाच होती.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये त्यांना कोरोना झाला. अकरा दिवस दवाखान्यात. घरी आले तेव्हा शर्ट खांद्यावरून ओघळत होता, पण आले यातच आम्हाला आनंद. आम्हाला वाटलं, सुटले. रिपोर्ट चांगला म्हणजे माणूस चांगला, एवढंच आम्हाला कळत होतं.

तसं नव्हतं. एक मजला चढायचा तर मधे बसावं लागायचं. ममताबेननी जिन्याच्या वळणावर प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि पोरांना दम दिला, कुणी हलवायची नाही. कचेरीत एकच पत्र तीनदा वाचावं लागे. घरी चहा गॅसवर ठेवून हे गॅलरीत जाऊन बसायचे. दोन पातेली करपल्यावर शैलजावहिनींनी लायटर डाळीच्या डब्यात लपवला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचे शब्द जायला लागले. त्यांचे!

"ते... ते बंद कर, वारा येतोय," एकदा मला म्हणाले. बोट खिडकीकडे.

"काय, भाऊ?"

"ते रे. भिंतीतलं उघडझाप."

मला हसू आलं. मग त्यांच्याकडे बघितलं आणि हसू गेलं. मी म्हणालो, "बारी म्हणा ना. इथं सगळ्यांना कळतं." त्यांना ते गुजराती बारी आठवत होतंच. पण मान ताठ करून म्हणाले, "ते आपलं नाही." असा हट्टी माणूस. स्वतःचा शब्द सापडत नाही आणि शेजारचा घेणार नाही.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. म्हणाले, "आजार गेला, पण जाताना घर विस्कटून गेला. आवरायला कुणाला महिने लागतात, कुणाला वर्षं. एका वेळी एकच काम करा, मधे आराम करा, अंगाला आणि डोक्याला दामटू नका." वहिनींनी विचारलं, "आणि शब्द?" "बोलत राहिले तर बरंच सुधारेल," डॉक्टर म्हणाले.

आणि बोलणंच तर त्यांनी बंद केलं. अडण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. मंडळाचा माईक दुसऱ्याकडे गेला. ममताबेन सकाळी विचारायच्या, "नवरा छो?" तर हे नुसती मान हलवून पुढे जायचे. तरी त्या बाईने विचारणं सोडलं नाही. मी मात्र चिडायचो. माझी वाक्यं मुद्दाम वाकडी करून बोलायचो, "भाऊ, मी जाऊन राहिलो, येऊन राहिलो," की आता तरी हा माणूस टोकेल. टोकायचे नाहीत. बावीस वर्षं ज्याचा राग आला, ते टोकणं मी मागत फिरत होतो.

रविवारी मी त्यांना मोटारसायकलवर दादऱ्याला वनगंगेच्या बागेत न्यायला लागलो. तळ्याभोवती हळूहळू अर्धी फेरी, मग बाक. तिथे माझ्यापुरतं थोडं बोलायचे. एकदा पायडलची होडी दाखवून म्हणाले, "नवनाथ, तुला ती पाण्यातली रिक्षा चालवता येते का?" आणि स्वतःच इतके हसले की ठसका लागला. घरी पोचेपर्यंत होडी हा शब्द आला. त्यांनी तो गेटवर मोठ्याने ओरडून सांगितला, वॉचमन दचकला. दीड वर्षात असं बरंच परतलं. पण जिना अजून खुर्चीशिवाय होत नव्हता, आणि चारचौघांत ते अजून तोंड उघडत नव्हते.

मग माझ्या मुलीचं, चंदाचं, लग्न ठरलं. चंदा लहानपणी त्यांच्या हाताखाली गणपतीत कविता म्हणायची. तिने जाहीर केलं, "माईकवर काका. काका नाही तर मी मांडवात येणार नाही."

रघुनाथभाऊ दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी खाली उतरून आलेलो बघून म्हणाले, "नवनाथ, मुहूर्ताच्या वेळी शब्द गेला तर? तुझी पाहुणेमंडळी हसतील. तुझ्या पोरीच्या लग्नात मला तमाशा नको."

"हसू द्या. खान्देशी माणसं आहेत, जेवण चांगलं असलं की सगळं माफ."

ते हसले नाहीत. म्हणाले, "करतो. पण ऐकून ठेव, एकदा जरी अडलो तर हा माईक पुन्हा हातात धरणार नाही. कधीच." मी हो म्हणवून घेतलं खरं, पण आता ते अडले तर कायमचे गप्प होणार आणि त्याला कारण मी.

त्यांनी पंधरा कार्डं तयार केली. मोत्यासारखं अक्षर, वर नंबर. वरपक्षाचं स्वागत, मान्यवर, मामा, मंगलाष्टकं, जेवणाच्या पंगती. रोज दुपारी झोप काढून, उठून, एकेक कार्ड शैलजावहिनींना वाचून दाखवायचे.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये अर्धे आमचे साक्री-नंदुरबारकडचे, अर्धे कंपनीचे आणि बिल्डिंगचे. रघुनाथभाऊंना स्टेजजवळ खुर्ची दिली होती. पहिली तीन कार्डं अशी वाचली की केसरबाई, म्हणजे आमची मंडळी, मला कोपराने ढोसून म्हणाली, "आयकं का?" मी छाती फुगवून उभा.

पण वरात! नवरदेवाचे मित्र डीजेसमोरून हटेनात. मुहूर्त डोक्यावर आला. भटजींनी मधलं सगळं रद्द करून हाताने खूण केली, बोलवा, लगेच बोलवा. रघुनाथभाऊ चौथं कार्ड वाचत होते. हवं होतं नववं. ते कार्डं उलटायला लागले, दोन खाली पडली. मग त्यांनी कार्डं सोडली आणि माईक तोंडाशी धरला.

"आता मामांनी... मामांनी..."

पुढचा शब्द येईना. ओठ हलत होते. हॉलमध्ये साडेचारशे माणसं हातात अक्षता धरून गप्प. त्यांचा चेहरा मला समोरून दिसत होता; खिडकीकडे बोट दाखवलं होतं त्या दिवशी होता तसाच. "जिचं लग्न आहे ती" म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण माईकवर ते असलं काही म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं. साउंडवाला प्रसाद माईक घ्यायला पुढे सरकला. रघुनाथभाऊंचा हात हळूहळू खाली यायला लागला. मनात म्हटलं, संपलं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून ममताबेन उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "रघुनाथभाई! नवरा छो?"

हात थांबला. त्यांनी ममताबेनकडे बघितलं. मग शैलजावहिनींकडे. मग माईक पुन्हा वर गेला.

"हो!" असे गरजले की स्पीकर किंचाळला. "शैलजाचा!"

आमची बिल्डिंग टाळ्या पिटत उठली. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण तेही हसायला लागले. आणि त्या हसण्यात, एक श्वाससुद्धा न थांबता, त्यांचं पुढचं वाक्य आलं, जुन्या खणखणीत आवाजात, "आणि आता मामांनी नवरीला मांडवात घेऊन यावं. नवरी! नवरीला!" शब्द सापडल्याच्या आनंदात तीनदा म्हणाले.

प्रसादने मान खाली घालून वायर सरळ केली. त्याला ते माईकवरूनच म्हणाले, "आणि तू रे, सारखा 'हेलो चेक करी लेऊ' म्हणतोस. आवाज तपासतो, म्हण."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. केसरबाईने पदर पुढे केला आणि वैतागून म्हणाली, "पोर ते आजून मांडोमा बी उनी नही, आन तुम्ही आत्तेच रडी ऱ्हायनात!"

मी तोच पदर डोळ्यांना लावला. पोरीसाठीच रडतोय असं तिला वाटू दिलं.