प्लॅस्टिकचं गवत

द्वारकाबाई भांडकुदळ आहेत असं वस्तीत म्हणतात. साफ खोटं! बावीस वर्षं त्या गप्पच होत्या.

लातूरकडून पुण्यात आल्या, त्या विश्रांतवाडीच्या पलीकडच्या कचऱ्याच्या डोंगरावर प्लॅस्टिक वेचू लागल्या. पुढे डेपो बंद झाला, डोंगरावर माती पडली, 'नैसर्गिक उद्यान' असा फलक लागला आणि वेचणाऱ्या नऊ बायकांना तिथेच माळीकामाला घेतलं. केवढे उपकार! पण या ढिगाच्या पोटात काय आहे, हे एकानेही त्यांना विचारलं नाही. बाईंनी आपणहून सांगितलं, "साहेब, उताराच्या आत कचरा कुजतोय, अजून धग हाय. नर्सरीची झाडं टिकायची नाहीत." सुपरवायझर रविराज नुसता हसला. झाडं दोनदा लावली, दोनदा करपली.

मग त्याच उतारावर आपसूक रुई आली, एरंड आला, टाकळा आला. रुईवर फुलपाखरं येऊ लागली. बाई डबा घेऊन तिथेच बसायच्या. ज्या जागेच्या वासाने माणसं नाक दाबून पळायची, तिथे काहीतरी जगतंय, याचं त्यांना भारी अप्रूप.

शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. त्यातून हिरव्यागार गवताच्या सहा गुंडाळ्या उतरल्या. हात लावून बघितलं, तर प्लॅस्टिक!

"मावशी, रविवारी उद्घाटन आहे. उतारावरचं सगळं उपटा आणि हे अंथरा," रविराज म्हणाला. "नॅचरल पार्क आहे, रानटी काही दिसायला नको."

"जितं हाय ते उपटू?"

"उपटा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या. घरं त्याच पगारावर चालत होती. बाईंचंही चालत होतं. पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुरपं त्यांनी त्याच्या पुढ्यात आपटलं.

"आरं, लाज वाटती का? वीस वर्षं हात कापून घेऊन हितलं प्लॅस्टिक वेचलं आम्ही! आन् तू पैसे मोजून परत आणून टाकतोस?"

बाई बायकांकडे वळल्या. "बघता काय गं? वेचा!"

मग एकीने पदर खोचला, दुसरीने खोचला. जन्मभराची सवय ती! बघता बघता सहाही गुंडाळ्या परत टेम्पोत जाऊन पडल्या.

"उद्यापासून येऊ नका!" रविराज ओरडला.

"येणार," बाई म्हणाल्या. "बाग सगळ्यांचीच हाय ना?"

आणि डबा घेऊन त्या उतार चढू लागल्या.