भोंगा वाजला आणि आई बाहेर पळाली

भुईगावच्या मंडळींनो, तुमची लाडकी शेजारीण, म्हणजे माझी आई, आज माझ्या हाताबाहेर गेली!

माझं सासर अणुऊर्जा केंद्राजवळच्या गावात. आई चार दिवस राहायला आलीये. आज इथे आणीबाणीचा सराव होता. मी तिला बजावलं होतं, भोंगा वाजला की घरातच थांबायचं, दारं-खिडक्या लावायच्या, सूचना येईपर्यंत बाहेर पडायचं नाही.

भोंगा वाजला. मी खिडक्या लावून वळते तर आई गायब!

आपल्या भुईगावात चर्चची घंटा अवेळी वाजली की सगळे "कोण गेलं?" विचारत बाहेर येतात ना, तीच सवय. चिडून दार उघडलं, तर ही समोरच्या मावशींचा हात धरून येत होती. मावशी एकट्या राहतात, त्यांना ऐकू कमी येतं.

"अगं बाय, ह्या मजेत कपडे वाळत घालत होत्या!"

माझ्या आणीबाणीच्या पिशवीत टॉर्च, औषधं, पाणी, कागदपत्रं, सगळं तयार होतं. मावशी तेवढ्या डोक्यात नव्हत्या.

आता ठरलंय. भोंगा वाजला की आधी मावशींना आत घ्यायचं, मग दार लावायचं.

तुमच्या समोरच्या घरात कोणाला भोंगा ऐकू येणार नाही?