येतो म्हणून गेलेले

माझ्या मावशीला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तिचे सगळे हिरो इंग्रजी होते. म्हणजे हॉलिवूडचे, तेही जुने, काळ्यापांढऱ्या पिक्चरमधले, हॅट घालणारे. हॉलिवूड हे माणसाचं नाव की गावाचं, याची चौकशी तिनं कधी केली नाही. "आपल्याला काय तिथं घर बांधायचंय?" असं म्हणून ती विषय संपवायची.

नटांची खरी नावं तिच्या जिभेवर बसत नसत, म्हणून तिनं आपली ठेवली होती. एक भुवई चढवून जगाकडे बघणारा तो भुवई. हनुवटीला खड्डा असलेला तो खळी. उंच, लाजाळू, बोलताना अडखळणारा, दारातून आत येताना याचं डोकं चौकटीला आपटणार अशी उगीच धास्ती वाटायला लावणारा तो लांबोडा. आणि सगळ्यांत लाडका दमेकरी. त्याचा आवाज दम्याच्या माणसासारखा घोगरा होता. दिसायला तो काही खास नव्हता, बुटका, डोळ्यांखाली पिशव्या आलेला. माझी आई हे बोलून दाखवायची. त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं होतं, "दिसायला काय, भिंतीवरचं कॅलेंडरही छान दिसतं."

मावशी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. फक्त कॉलर. बाह्या दुसऱ्या रांगेत, काजं तिसऱ्या. कापडाच्या दोन पट्ट्यांमध्ये ताठपणासाठी बकरम घालायचं, उलट बाजूनं टीप मारायची, कडेचं जादा कापड कातरायचं आणि कॉलर सुलटी करून बोथट काडीनं तिची दोन टोकं बाहेर काढायची. हात कमी पडला तर टोक उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं, जास्त झाला तर शिवण उसवते. त्यामुळे पिक्चरमध्ये हिरो गुंडांचा मार खाऊन उठला की बाकीची माणसं त्याच्या ओठावरचं रक्त बघत आणि मावशी कॉलर. "एवढा तुडवला मेल्यांनी, पण टोक हललं नाही बघ," ती माझ्या कानात कौतुकानं सांगायची.

रविवारी सकाळी थिएटरात जुन्या इंग्रजी पिक्चरचा खेळ असायचा. मी सात-आठ वर्षांची झाल्यापासून ती मला घेऊन जायची आणि पूर्ण वेळ माझ्या कानात पिक्चर सांगत राहायची. कोण कुणाला काय म्हणालं, का म्हणालं, मनात काय ठेवलं, सगळं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तीच गोष्ट ती कारखान्यातल्या बायकांना सांगे. बायका घास हातात धरून ऐकत. इतकं खणखणीत कथानक मूळ पिक्चरात असेल असं मला आता वाटत नाही.

तिला त्या माणसांमध्ये नेमकं काय आवडतं, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, ती कोट म्हणेल, नाहीतर डोळे. ती म्हणाली, "ऐकतात गं. बोलणारे पुरुष पोत्यानं मिळतात. हे बघ, बाई बोलत असताना याचा चेहरा बघ." पडद्यावर दमेकरी सिगारेट शिलगावत होता, तेवढ्यात समोरची बाई काहीतरी बोलायला लागली. त्याचा हात तसाच राहिला. काडी जळत जळत बोटापर्यंत आली तरी त्याचं लक्ष नाही. आमचे आजोबा बोलायला लागले की घरातल्या बायकांनी नुसतं 'हो' म्हणायचं असा रिवाज होता. त्या घरातून आलेल्या मुलीनं ती काडी बघितली आणि तिचं काम तमाम झालं. मला स्वतःला ही मंडळी कधीच आवडली नाहीत. पण ती काडी मात्र, खरं सांगायचं तर, माझ्याही लक्षात राहिली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मावशीचं सगळं आयुष्य तिच्यावर गेलं. मावशीच्या तोंडून हे हिरो चांगलं घरंदाज मराठी बोलायचे. शेवटी हिरो हॅट उचलायचा, दारापर्यंत जायचा, वळायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. मावशी ते सांगायची, "बरंय, येतो." दुसरं काय सांगणार? आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'जातो' म्हटलं तर आई धपाटा घालायची. त्यामुळे मावशीचे सगळे हिरो येतो म्हणून जायचे, पिक्चर संपायचा, आणि तिच्या हिशेबी ते कधी ना कधी परत यायचे. पिक्चर तेवढा आधी संपवलेला असायचा.

कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करायला एक मिस्त्री होता. त्याला बायका 'कान' म्हणत. मशीन बिघडली की तो आधी हात लावायचा नाही. मान तिरकी करायचा, कान मशिनीच्या डोक्याशी न्यायचा, डोळे खाली घालायचा आणि चाक हळूहळू फिरवत ऐकत राहायचा. मग म्हणायचा, "शटल." आणि खालचा दोरा फिरवणारं शटलच बिघडलेलं निघायचं. माणसांशी बोलतानाही त्याची तीच तऱ्हा होती. मावशी काही सांगायला लागली की त्याची मान तिरकी व्हायची, नजर खाली जायची. जगातला एक तरी पुरुष आपलं म्हणणं असं ऐकतो, हे मावशीनं प्रथमच पाहिलं होतं. तिची मशीन बरीच बिघडायला लागली. बायका समजायचं ते समजल्या.

एका रविवारी तो आमच्याबरोबर पिक्चरला आला. मी एका बाजूला, मावशी मध्ये, तो पलीकडे. त्या दिवशी माझ्या कानाला सुट्टी होती. मावशी त्याच्या बाजूला झुकून सगळा पिक्चर त्याला सांगत होती, अगदी हलक्या आवाजात, आणि तो पडद्याकडे बघत मधूनमधून मान हलवत होता. मला काहीच कळलं नाही आणि मी कंटाळून झोपले. घरी आल्यावर मावशी आईला म्हणाली, "एकदासुद्धा मध्ये बोलला नाही." असा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिला नाही.

काही दिवसांनी तो लांबच्या गावी नव्या मशिनी बसवायला गेला. निघताना पान्ह्यांची पेटी हातात घेऊन तो शिलाईखात्याच्या दारात थांबला, वळला आणि म्हणाला, "बरंय, येतो."

बस. एवढंच.

"येतो म्हणालाय," मावशीनं घरी सांगितलं.

"अगं, येतो असं दूधवालाही म्हणतो," आई म्हणाली.

"दूधवाला येतोच की रोज."

या बाईशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे आईला तेव्हाच कळायला हवं होतं. ती पुढची कित्येक वर्षं ओतत राहिली. स्थळं आली. औषधांच्या दुकानात काम करणारा एक भला माणूस तर स्वतः दोनदा विचारायला आला. मावशीनं त्याला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "माझं ठरलंय." कुणाशी, कधी, कुणी ठरवलं, काही नाही. ना पत्ता, ना निरोप. आई रडली, भांडली, आठवडाभर अबोला धरून बसली. मावशी कॉलरी शिवत राहिली आणि रविवारी दमेकऱ्याला भेटून येत राहिली.

मी शाळेत इंग्रजी शिकले आणि एके दिवशी थिएटरात मला पडद्यावरचं बोलणं कळलं. दमेकरी दारात वळला, पुटपुटला. मावशी म्हणाली, "येतो म्हणतोय."

"नाही गं," मी म्हटलं, "तो म्हणतोय, मी जातोय. माझी वाट बघू नकोस."

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला घालवला. "शुभ बोल गं जरा. निघताना जातो कोण म्हणतं? चांगल्या घरचा माणूस आहे तो."

मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तिच्यापुढे व्याकरण कुणाचं टिकणार?

कारखाना बंद पडला. थिएटर पाडून तिथं फरशीचं दुकान झालं. आई गेली. मावशी माझ्याकडे राहायला आली. आता ती थकली होती, हाताच्या बोटांना गाठी आल्या होत्या. जुने पिक्चर टीव्हीवर लागत, ती दुपारी खुर्ची ओढून बघत बसे. दारावरची बेल वाजली की आधी केसांवरून हात फिरवायची, मगच दार उघडायला सांगायची. मला राग यायचा. तिचा नाही, त्या बेलचा.

मध्यंतरी माझी शिलाई मशीन अडकली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून आले, तर दुपारी त्याचा म्हातारा बाप आला. "पोरगं बाहेर गेलंय, मीच बघतो," असं म्हणून तो मशिनीपाशी बसला. मशीन बघून त्यानं मान तिरकी केली, कान तिच्या डोक्याशी नेला आणि चाक हळूहळू फिरवायला लागला.

मावशी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं चौकट धरली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं.

"तुम्ही शर्टांच्या कारखान्यात होतात," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं, मान तिरकी केली. "जरा मोठ्यानं बोला. एकच कान आहे, तोही आता अर्धा."

मी मोठ्यानं सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. "हो, हो! होतो ना. तुम्ही पण तिथल्या?"

"कॉलरवर," मावशी म्हणाली.

"पन्नास बायका होत्या हो ताई, चेहरे काही राहिले नाहीत." तो विचारात पडला. "कॉलरची कुठली? खिडकीजवळची तिसरी मशीन? तिचं शटल सारखं अडकायचं. ती लक्षात आहे माझ्या."

मावशीनं विचारलं, "तुम्ही लांब गेला होतात ना?"

"पाच-सहा महिने. मग आलो की परत. पुलापलीकडे चादरींचा कारखाना निघाला होता, तिथं लागलो, तिथंच रिटायर झालो. लग्न आल्याआल्याच झालं."

पूल आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतो.

"पुन्हा नाही आलात आमच्याकडे?"

"कशाला येऊ?" तो हसला. त्यात वाईट काहीच नव्हतं, तेच वाईट होतं. "पान्हेसुद्धा सगळे बरोबर नेले होते मी."

त्यानं शटल काढलं, पुसलं, बसवलं. मशीन चालायला लागली. मावशी अजून उभीच होती. तिनं हळूच विचारलं, आणि मी तो प्रश्न त्याला मोठ्यानं पोचवला. कान कधी गेला?

"हा डावा? लहानपणीच. गालगुंडं झाली होती. म्हणून तर मान अशी वाकडी. या बाजूनं तोफ सुटली तरी कळत नाही." त्यानं डाव्या कानावर टिचकी मारून दाखवली. मग पेटी उचलली. निघताना तो काय म्हणाला, ते सांगायला नकोच. आपल्यात दुसरं काही म्हणत नाहीत.

दार लावून मी आले तर मावशी खुर्चीत बसली होती. तिचा उजवा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर होता.

"पिक्चरला तो माझ्या या हाताला बसला होता," ती म्हणाली.

मी तिच्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या बाजूला त्याचा डावा कान." तिनं पुन्हा एकदा हातानं ताडून पाहिलं, जसं कॉलरचं माप बघायची तसं. "सगळा पिक्चर सांगितला गं मी त्याला."

मला रडू आलं. त्या माणसावर चिडावं म्हटलं तर त्यानं केलं काय होतं? ऐकू येत नव्हतं म्हणून मान वाकडी केली होती आणि निघताना सगळे म्हणतात ते म्हणाला होता. ज्याच्यावर ओरडावं असं कुणी मला सापडेना. मी तिच्याजवळ बसले. ती रडली नाही. तिनं जेवायला नको म्हटलं, दुसऱ्या दिवशीही नको म्हटलं. बेल वाजली तरी केसांवरून हात फिरवेना. एकदा तर मी घरात नसताना कुणीतरी बराच वेळ वाजवून निघून गेलं, तिनं उठूनही पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी टीव्हीवर दमेकरी होता. मला वाटलं, बघून बरं वाटेल तिला. शेवट आला. तो हॅट घेऊन दारापर्यंत गेला, वळला, पुटपुटला.

"काय म्हणतोय?" मावशीनं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं होतं.

मी रिमोट शोधायला लागले.

"खरं सांग. तुला येतं ना इंग्रजी?"

"जातो म्हणतोय," मी म्हटलं. "परत येणार नाही म्हणतोय."

"आणि खळी? बोटीवर चढताना?"

"तोही तेच."

"लांबोडा?"

लांबोडा तर त्याच्या पिक्चरात शेवटी मरतो. मावशी इतकी वर्षं समजत होती की त्याला झोप लागली. मी तेही सांगितलं. एकेकाचं विचारून घेत तिनं सगळ्यांचं विचारून घेतलं आणि मी सगळ्यांचं सांगितलं. पडद्यावर ती बाई दारात एकटी उभी होती. मग अक्षरं आली आणि पडदा काळा झाला.

"मग या बायकांचं पुढं काय होतं?" मावशीनं विचारलं.

"ते दाखवत नाहीत."

ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"दाखवण्यासारखं काही नसतंच त्यात," ती म्हणाली.