आईचं गरम पाणी

आमच्या घरात पाणी तापायचं ते यजमानांसाठी. वडील पुरोहित. महाराष्ट्रातून काशीला आलेली माणसं संकठा घाटावरच्या आमच्या बिऱ्हाडी उतरायची आणि आई पहाटे उठून त्यांच्यासाठी बंब पेटवायची. त्यांना कढत पाणी, आणि तिला गंगा. पौष-माघात धुक्यामुळे समोरची नाव दिसत नसे, तरी आई घाट उतरणार, डोकं बुडवणार आणि ओलेत्यानं वर येऊन सोवळ्यातलं पाणी भरणार. बंबात उरलेलं पाणी आई का घेत नाही, असं मी लहानपणी एकदा विचारलं तर बसलेली सगळी मंडळी हसली होती. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

मग वडील गेले, यजमान हॉटेलांत उतरायला लागले आणि आईचे गुडघे गेले. घाट बंद झाला. घरात आम्ही दोघीच उरलो. मी बिनलग्नाची, विद्यापीठाच्या कचेरीत नोकरीला. दादा रेल्वेत, त्याचं बिऱ्हाड स्टेशनापलीकडच्या क्वार्टरमध्ये. त्यानंच आमच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून दिला. विजेचा लावायची सोय नव्हती, कारण इस्त्री आणि मिक्सर एकदम लावले तरी आमचा फ्यूज उडायचा, आणि घरमालक तारा बदलायचं नाव काढू देत नसे. तोटी फिरवली की आत भप्प करून निळी ज्योत पेटायची आणि कढत पाणी यायचं. पहिल्या दिवशी आई न्हाऊन आली ती खाटेवर नुसती बसून राहिली. मग हळूच विचारलं, उद्यासुद्धा असंच येईल ना?

न्हाणीघराला वर एक झरोका होता. त्यातून माकडं यायची. साबण न्यायची, तेलाची बाटली न्यायची. एकदा आईचं सोवळ्याचं रेशमी लुगडं नेलं आणि शेजारच्या गच्चीवर बसून त्याच्या चिंध्या केल्या. तेव्हा दादानं झरोक्यावर प्लायवूडची फळी ठोकली. माकडं थांबली, गार वाराही थांबला. आम्ही सगळ्यांनी दादाचं कौतुक केलं.

त्या हिवाळ्यात आईचं डोकं दुखायला लागलं. न्हाऊन आली की भिंतीला धरून उभी राहायची. आम्ही म्हटलं पित्त, मग म्हटलं बीपी, मग तिच्या उपासांवर खापर फोडलं. माझंही डोकं दुखायचं, मी चष्मा बदलून घेतला. आम्ही शिकलेली माणसं, बरं का! शेवटी एके सकाळी आई न्हाणीघराच्या उंबऱ्यातच कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी बीपीचं विचारलंच नाही. पाणी कशावर तापवता आणि तिथं खिडकी आहे का, एवढंच विचारलं. मग हिंदीत स्वच्छ सांगितलं, की बंद खोलीत गॅस जळला की त्यातून दुसरा विषारी गॅस होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. गिझर बाहेर लावा, नाही तर काढून टाका.

बाहेर लावायला जागा नव्हती. न्हाणीघराचं दार सगळ्या भाडेकरूंच्या सज्जात उघडायचं, तिथं सिलिंडर ठेवू द्यायला कोणी तयार नव्हतं. दार सताड उघडं टाकून बाईमाणूस न्हाणार कसं? फळी काढली तर माकडं. म्हणजे काढायचा तो गिझरच. दादा पाना घेऊन आला, तर आई न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसली.

"जन्मभर लोकांना पाणी तापवून दिलं," ती म्हणाली. "आता मला मिळतंय, तर तुम्ही विष म्हणता. असू दे विष. मी गार पाण्यानं न्हायची नाही."

बंब कधीच मोडीत गेला होता, आणि शेगडीवर तापवून देते म्हटलं तर म्हणाली, मापाचं नको, तोटीतलंच हवं. दादानं पाना पिशवीत टाकला. मला त्याचा असा संताप आला की काय सांगू! जिन्यात गाठून मी त्याला फैलावर घेतलं, तेव्हा कुठे त्यानं सांगितलं की त्याच्या क्वार्टरमध्येही हाच गिझर आहे, न्हाणीघरातच. डॉक्टरीणबाईंचं ऐकूनही त्यानं तो काढला नव्हता. वहिनी ऐकत नाही, म्हणाला. मुलांना सकाळी शाळा असते, म्हणाला.

मग तोडगा मी काढला. आईनं दार लोटून घ्यायचं, पण कडी लावायची नाही, आणि पहिल्या तांब्यापासून अंग पुसेपर्यंत मोठ्यानं स्तोत्र म्हणत राहायचं. मी लागूनच्या स्वयंपाकघरात. आवाज थांबला की मी दार ढकलणार. आईला हे पसंत पडलं, स्तोत्र ती तशीही म्हणायचीच. महिना-दीड महिना हे बिनबोभाट चाललं. ऐकून ऐकून ते मलाही पाठ झालं. तिनं एखादी ओळ गाळली की मी इकडून ती ओळ ओरडायची, आणि ती चिडून पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

मग मौनी अमावस्या आली. काशीत त्या दिवशी स्नान होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत. हे आपल्याकडचं नव्हे, पण आईनं गल्लीतल्या बायकांचं बघून लग्नानंतर ते धरलं आणि कधी सोडलं नाही. पहाटेपासून गल्लीत स्नानाला निघालेल्यांची ही गर्दी. आई उठली, ओठांवर बोट ठेवून तिनं मला आठवण करून दिली, हात गोल फिरवून तीळ भाजायला सांगितले आणि न्हायला गेली.

मी तीळ भाजले. गूळ किसला. पाणी पडल्याचा आवाज येत होता. स्तोत्र येत नव्हतं, आणि आज ते यायचं नव्हतं हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी निर्धास्त होते. हाक मारली असती तर तिला ओ द्यावी लागली असती, मौन मोडलं असतं, आणि दिवसभर तिनं माझ्याशी अबोला धरला असता. टाकी रिकामी होईल म्हणून शेवटी मी तिला रागवायला गेले. दार ढकललं. निळी ज्योत जळत होती. आई पाटावर, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. गरम पाणी तिच्या पायांवर पडत होतं. चेहरा गुलाबी, कितीतरी वर्षांत नव्हता इतका टवटवीत.

तो चेहरा पाहून गल्लीतल्या बायका हात जोडायला लागल्या. काशीत, अमावस्येला, मौनात, स्नान करताना! भाग्य लागतं, म्हणाल्या. मी त्यांना चालतं व्हायला सांगितलं. काय भाग्य? तो गुलाबी रंग त्या विषारी गॅसचा होता. माझी आई गुदमरून मेली होती.

मणिकर्णिकेचं स्मशान जवळच, पण गर्दीमुळे पुरुषमंडळींना परतायला फार वेळ लागला. गंगेत बुडी मारून आलेली, ओली, काकडलेली माणसं. दादाचं डोकं भादरलेलं, दात वाजत होते. दारातून त्यानं विचारलं, "पाणी गरम आहे का गं?"

विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं मान खाली घातली, पण तो सरकला नाही. थंडी वाजत होती त्याला. मी आत गेले, बत्त्यानं ठोकून झरोक्यावरची फळी पाडली आणि तोटी सोडली. मग सगळे ओळीनं न्हाले, ज्या पाटावर ती गेली त्याच पाटावर. मी सज्जात स्टुलावर बसून एकेकाला बजावत होते, बोलत राहा, काहीही बोला. काका पाढे म्हणाले. दादा काशीपासून पुढची स्टेशनं ओळीनं म्हणत होता आणि मध्येच रडत होता. रडण्यात त्याचे शब्द थांबले की मी दार वाजवायची.

पुढच्या हिवाळ्यात माकडांनी आत येऊन आरसा फोडला. वाराही झोंबायला लागला. मी फळी परत ठोकली, पण अर्धीच. गिझर तिथंच आहे. सगळं मला माहीत आहे, कोणी शिकवायला नको. पण माघातल्या पहाटे माझा हात तोटीकडेच जातो. ज्योत पेटली की मी आईचं स्तोत्र मोठ्यानं म्हणायला लागते, एकही ओळ न गाळता. स्वयंपाकघरात ऐकायला कोणी नसतं.