भिंतीवरचा गुलाल

खांदा मोडला त्या दिवसांत मी देवावर रुसलो होतो, हे आधीच कबूल करतो. सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. राधानगरीकडचं गाव सोडून आईसोबत मंगळवार पेठेत एका खोलीत राहत होतो आणि हायस्कुलात गणित शिकवत होतो. नोकरीचं पहिलंच वर्ष. माघातल्या एका सकाळी शाळेला जाताना सायकल म्हशींच्या घोळक्यात घुसली आणि मी उजव्या खांद्यावर आदळलो.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दंडाचं हाड खांद्यालगत मोडलं होतं, पण तुकडे जागेवर होते. "ऑपरेशन नको, प्लास्टर नको. झोळी पुरे," ते म्हणाले. "मात्र तीन आठवड्यांनी पुन्हा या. मग रोज पुढं वाकून हात लोंबता सोडायचा, हळूहळू झुलवायचा. नाहीतर हाड जुळेल आणि खांदा आखडेल."

आईने त्याच दिवशी जोतिबाला नवस बोलला आणि झोळीच्या गाठीवर देवाचा दोरा बांधला. "आता ही गाठ चैत्राच्या यात्रेत डोंगरावरच सुटंल. त्याआधी न्हाय!" मी शिकलेला माणूस, पण तिचं मन मोडवेना. खरं सांगायचं तर हात हलवायची मलाही भीती वाटत होती. तीन आठवडे झाले, मी दवाखान्यात गेलो नाही. त्या भीतीला मी श्रद्धा म्हणत राहिलो. शाळेत डाव्या हाताने फळ्यावर लिहायचो आणि मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. हेडमास्तर म्हणाले, "जूनपर्यंत थांबतो. पण हात फळ्यावर चालला, तरच कायम करता येईल."

चैत्र पौर्णिमेला डोंगरावर आईने गाठ सोडली. दुखणं नावालाही नव्हतं. भोवती गुलालाचा पाऊस पडत होता. "चांगभलं!" म्हणत हजारो हात वर गेले. माझा डावा गेला. उजवा छातीपर्यंतही आला नाही. मी पुन्हा जोर लावला. हात जणू दुसऱ्याचाच होता. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी पायरीवर बसलो. नोकरी गेली, देवानेही पाठ फिरवली, एवढंच मनात होतं.

शेजारी एक धिप्पाड म्हातारा येऊन बसला. "काय झालं, पावणं?" त्याने विचारलं. शिवाजी पेठेतल्या तालमीत तो पोरांना कुस्ती शिकवायचा. नाव दस्तगीर. पेठेच्या सासनकाठीबरोबर, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठीबरोबर, दरवर्षी डोंगरावर यायचा. मी सगळं सांगितलं.

"आणि डॉक्टर काय म्हणालावता?"

"तीन आठवड्यांनी हलवा म्हणाले होते. पण नवस होता."

"नवस देवाला बोललावता का झोळीला?" तो मोठ्याने हसला. मग त्याने स्वतःचा उजवा हात उचलून दाखवला. कमरेच्या वर जेमतेम वीतभर. "आखाड्यात मोडलावता. वरीसभर अंड्यागत जपला. आता लाकूड झालंय बघा. हाड जोडायचं काम देवाचं, मास्तर. त्यानं केलं की! हलवायचं काम तुमचं. उद्याच डॉक्टरकडं जावा."

त्याने चिमूटभर गुलाल कागदात बांधून दिला. "रोज बोटं भिंतीवर चढवा. जितवर पोचतील तितं टिकली लावा. तुमचा डोंगर घरातच हाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भरपूर रागावले. पण नव्या फोटोत हाड भक्कम जुळलेलं होतं. त्यांनी हात झुलवायला शिकवलं आणि भिंतीवर बोटं चालवायलाही सांगितलं. वस्तादाचे शब्द ऐकून आदल्या दिवशी अंगावर काटा आला नव्हता, तो तेव्हा आला. कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही.

पहिली टिकली माझ्या बरगडीच्या उंचीवर लागली. खांदा असा ठणकायचा की डोळ्यांत पाणी यायचं. कधी चार-चार दिवस टिकली तिथंच अडायची. आई मागे उभी राहून म्हणायची, "चढ की रं, अजून डोंगराची कमान बी आली न्हाय!" झोळीवरची गाठ तिनेच बांधली होती, म्हणून टिकल्या मोजायलाही ती कधी चुकली नाही. जून उजाडला तेव्हा गुलाल माझ्या कपाळाच्या वर गेला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी मी उजव्या हाताने फळ्याच्या वरच्या कडेशी तारीख लिहिली. मागच्या बाकावरून कुणीतरी "चांगभलं!" म्हणालं आणि अख्खा वर्ग हसला. मीही हसलो. नोकरी कायम झाली.

शेवटची वीतभर उंची मात्र हाताला कधीच परत मिळाली नाही. ती माझ्या चुकीची आठवण म्हणून राहिली आहे, आणि तिची तक्रार नाही. शरण जायचं म्हणजे हात बांधून बसायचं, असं मी समजत होतो. आता वाटतं, देवाने जोडून दिलेला हात दुखत असतानाही उचलायचा, ही खरी शरणागती.

पुढच्या यात्रेत मी वस्तादांना शोधून काढलं. पाया पडू लागलो तर म्हणाले, "उठा हो, मी काय केलं? डॉक्टरचंच सांगितलं की!" मी दोन मुठी गुलाल घेतला. एक माझ्या वाटची उधळली. दुसरी त्यांच्या उजव्या हाताला लावून, त्यांच्या वाटचीही मीच उधळली.