वहिनींच्या पायमशीनवरची चाचणी

म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या कारखान्यात आम्ही मासेमारीच्या बोटींसाठी पंप बनवत होतो. पंपाचा स्टेनलेस दांडा समुद्राच्या पाण्यात का झिजतो, हे मी शोधलं असं तिथे आजही सांगतात. शंका माझी होती, पण ती खरी ठरवली माझ्या वहिनींनी. हे मी लपवलं.

किनाऱ्यावरून परत आलेल्या दांड्यांवर, जिथे पाणी गळू नये म्हणून बसवलेलं पॅकिंग घासतं तेवढ्याच जागी, खोल खाच असायची. साहेब म्हणत, बोटवाले नीट वापरत नाहीत. आमच्या चाचण्याही साहेबांच्याच बाजूच्या. स्टील कोरडं घासलं, टिकलं. मिठाच्या पाण्यात नुसतं ठेवलं, चकचकीत राहिलं. दोन्ही एकदम मात्र कुणी केलं नव्हतं. स्टेनलेसवर डोळ्यांना न दिसणारा एक थर असतो. घासला की जातो, पुन्हा धरतो. मिठाच्या पाण्यात तो धरायच्या आतच पुन्हा घासला गेला तर? पण प्रयोगशाळेतल्या यंत्रांजवळ मला कुणी मीठ नेऊ देईना.

कुवेंपुनगरच्या घरी जेवताना मी हे बोललो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझी मशीन दिवसभर वर-खालीच करते की. सुईच्या जागी तुमची स्टीलची पट्टी लावा."

दादा गेल्यापासून घर त्याच मशीनवर चाललं होतं, माझं इंजिनियरिंगसुद्धा. आता वहिनी सकाळी शेजारणीच्या मशीनवर गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवायच्या आणि दुपारभर माझी पट्टी पॅकिंगच्या तुकड्यावर घासायच्या. आधी साध्या पाण्यात एक, मग मिठाच्या पाण्यात दुसरी. तिसरी नुसतीच मिठाच्या बरणीत पडून होती. मोटर लावून पाहिली, तर वेग भलताच. वहिनींचा पाय मात्र संथ, आणि शेवटपर्यंत एकसारखा. तसा वेग मला कारखान्यातल्या कुठल्याही यंत्रावर मिळाला नसता.

बरणीतली पट्टी होती तशीच राहिली. साध्या पाण्यातली जराशी झिजली. मिठाच्या पाण्यात घासलेल्या पट्टीवर मात्र नख अडकेल अशी खाच आणि कडेला बारीक खड्डे. तिन्ही पट्ट्या मी साहेबांपुढे ठेवल्या. बोटवाल्यांवरचा ठपका गेला, दांड्याचं स्टील बदललं.

खारट शिंतोड्यांनी मशीन आतून गंजली. मी नवी आणून दिली आणि फिटलं असं समजलो.

सत्काराला माझ्या डोक्यावर म्हैसूर पेटा, तिथली मानाची पगडी, ठेवून साहेबांनी विचारलं, यंत्र कसं जुळवलंत? एवढ्या इंजिनियरांपुढे शिलाई मशीन म्हणायची मला लाज वाटली. भंगारातून, असं सांगितलं. वहिनी समोरच बसल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माझी मशीन भंगार होती?"

मी पेटा काढून कपाटात ठेवला. त्या प्रश्नाचं उत्तर पुढे कित्येक वर्षं दिलं नाही.

परवा कारखान्यातल्या निवृत्त लोकांचा मेळावा होता. वहिनींना मुद्दाम बरोबर नेलं. कुणीतरी त्या चाचणीचं नाव काढताच मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. वहिनींना उभं केलं. सभागृह बराच वेळ टाळ्या वाजवत होतं. माझ्या सत्कारापेक्षा त्या टाळ्यांनी माझी मान अधिक ताठ झाली.

परतताना रिक्षात म्हणाल्या, "चांगलं बोललात. पण सुम्ने, नुसतंच आपलं वहिनी, वहिनी काय? त्यात जेवण वाढणारीसुद्धा येते. मी टेलर आहे, ते एकदाही नाही म्हणालात."

त्यांचं बरोबर होतं. म्हणून हे लिहायला बसलो. ती चाचणी म्हैसूरच्या एका टेलरने केली, आणि तिच्या पायाला तोड नव्हती.